खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे स्वतंत्र भारताला ऑलिंपिक स्पर्धेत पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे महाराष्ट्रीय मल्ल होत. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी मुक्त शैलीतील कुस्तीच्या बँटमवेट (५७ किलो) गटात कांस्यपदक पटकावले. त्यापूर्वी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसऱ्या ऑलिंपिकची त्यांची संधी हुकली. लहान चण, विलक्षण चपळाई आणि डावपेचांवरील प्रभुत्व यांमुळे ते ‘पॉकेट डायनॅमो’ या नावानेही ओळखले जात.

जन्म आणि बालपण

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते, त्यामुळे कुस्तीचे बाळकडू खाशाबांना घरातच मिळाले. कृष्णाकाठच्या या भागात प्रत्येक गावाला तालीम आणि प्रत्येक जत्रेला कुस्त्यांचा फड ही रीतच होती. शेतातली कामे, पोहणे, धावणे आणि तालमीतला सराव यांतून त्यांचे शरीर घडले. कुस्तीबरोबरच कबड्डी, भारोत्तोलन, जिम्नॅस्टिक्स अशा खेळांचीही त्यांना आवड होती.

त्यांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये १९४० ते १९४७ या काळात झाले. १९४२ च्या चलेजाव आंदोलनात सातारा जिल्हा आघाडीवर होता. शाळकरी वयातील खाशाबांनी त्या वेळी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप व पत्रे पोचवणे अशी कामे केली. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते २१ वर्षांचे होते. ऑलिंपिकमध्ये तिरंगा फडकवायचा हे त्यांचे ध्येय याच काळात पक्के झाले.

कोल्हापूर आणि कुस्तीचे शिक्षण

पुढील शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापूर हे कुस्तीचे मोठे केंद्र बनले होते. तेथील तालमी आणि खासबाग मैदान यांचा लौकिक दूरवर पोचला होता. या वातावरणात खाशाबांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक गोविंद पुरंदरे यांनीही त्यांना प्रोत्साहन दिले.

खाशाबा ताकदीपेक्षा वेगावर आणि तंत्रावर भिस्त ठेवणारे मल्ल होते. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. या डावात प्रतिस्पर्ध्याची मान व हात पकडीत घेऊन, अंग वळवून, त्याला आपल्या कमरेवरून पाठीवर फेकले जाते. डाव लागला तर कुस्ती तेथेच संपते. मात्र तो टाकताना सारे वजन वाकवलेल्या गुडघ्यांवर येते आणि धड एका क्षणात फिरते. कंबर आणि गुडघा ही या डावाची दोन बळस्थाने, तशीच ती मल्लाच्या शरीरातील सर्वाधिक ताण सोसणारी ठिकाणेही होत.

लंडन ऑलिंपिक, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये त्यांच्यापुढे एक नवीच अडचण उभी राहिली. तोपर्यंतची त्यांची सारी कुस्ती लाल मातीच्या हौद्यात झाली होती. मातीतील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चितपट केले की निकाल लागतो. गादीवरील कुस्तीत मात्र ठरावीक वेळ, गुण, पकडींचे नियम आणि पंचांचे संकेत या साऱ्यांचे भान ठेवावे लागते. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो किंवा अडतो. त्यामुळे पवित्राही बदलावा लागतो.

अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी तेथे खाशाबांना गादीवरील कुस्तीचे धडे दिले. थोड्या दिवसांच्या या शिकवणीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरवले आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनवरही विजय मिळवला. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते पराभूत झाले. फ्लायवेट (५२ किलो) गटात त्यांना सहावे स्थान मिळाले. त्या काळी वैयक्तिक क्रीडाप्रकारात भारतीय खेळाडूने एवढी मजल मारणे ही लहान गोष्ट नव्हती. खाशाबांना स्वतःला मात्र सहाव्या स्थानाने समाधान झाले नाही. परत आल्यावर त्यांनी सराव वाढवला आणि वरच्या वजनगटात उतरण्याची तयारी सुरू केली.

हेलसिंकीसाठी निवड आणि निधी

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी संघनिवडीच्या वेळी वाद निर्माण झाला. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम कमी गुण देऊन डावलण्यात आले अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवींद्रसिंह यांच्याकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे जाणकार होते. त्यांनी निरंजन दास आणि खाशाबा यांच्यात पुन्हा कुस्ती लावण्याची व्यवस्था केली. खाशाबांनी दास यांना काही क्षणांत चितपट केले आणि त्यांची निवड झाली.

निवड झाली तरी प्रवासखर्चाचा प्रश्न उरलाच. सरकारी मदत पुरेशी नव्हती. खाशाबा आणि त्यांचे नातेवाईक वर्गणीसाठी दारोदार फिरले. गोळेश्वर आणि कराड परिसरातील ग्रामस्थांनी व दुकानदारांनी यथाशक्ती मदत केली. राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या काळच्या पगारमानाचा विचार करता ही रक्कम फार मोठी होती. हेलसिंकीला गेलेल्या या मल्लामागे कोणतीही क्रीडासंस्था वा कायमस्वरूपी योजना नव्हती; होते ते एका शिक्षकाचे गहाण पडलेले घर आणि गावाची वर्गणी. पुढे दुखापतीच्या काळातही हीच परिस्थिती त्यांच्या वाट्याला आली.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

हेलसिंकी येथे खाशाबा मुक्त शैलीच्या बँटमवेट गटात उतरले. त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत दोषगुणांची पद्धत होती. पराभवाला जास्त, गुणांवर मिळवलेल्या विजयाला कमी आणि चितपट विजयाला शून्य दोषगुण मिळत. दोषगुणांची मर्यादा ओलांडणारा मल्ल स्पर्धेतून बाद होई. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला चितपट करण्याला महत्त्व होते आणि मातीत घडलेल्या खाशाबांना ही गोष्ट अनुकूल ठरली.

त्यांच्या कुस्त्यांचे निकाल पुढीलप्रमाणे होते:

- एड्रियन पोलिक्विन (कॅनडा) – विजय
- लिओनार्दो बासुर्तो (मेक्सिको) – विजय
- फर्डिनांड श्मिट्झ (जर्मनी) – विजय
- शोहाची इशिई (जपान) – पराभव
- रशीद मामेदबेयोव (सोव्हिएत संघ) – पराभव

इशिई यांच्याविरुद्धची कुस्ती दीर्घकाळ चालली. त्या दमवणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना लगेचच मामेदबेयोव यांच्याशी लढण्यास सांगण्यात आले, असे त्यांच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक होती. परंतु खाशाबांच्या वतीने हा मुद्दा पंचांसमोर मांडण्यासाठी एकही भारतीय अधिकारी त्या वेळी उपस्थित नव्हता. थकलेल्या खाशाबांचा या कुस्तीत निभाव लागला नाही. इशिई यांना सुवर्ण, मामेदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. पदकाची तारीख होती २३ जुलै १९५२.

याच ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारतातर्फे दोन रौप्यपदके मिळवली होती, पण तो ब्रिटिश अमदानीचा काळ होता. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेले पहिले ऑलिंपिक पदक म्हणून खाशाबांच्या कांस्यपदकाला वेगळे स्थान आहे.

स्वागत आणि कर्जफेड

मायदेशी परतल्यावर कराड परिसरात खाशाबांचे अभूतपूर्व स्वागत झाले. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक ढोल-ताशांच्या गजरात निघाली. एरवी काही मिनिटांत कापले जाणारे अंतर पार करायला या मिरवणुकीला कित्येक तास लागले.

सत्काराचा जल्लोष ओसरल्यावर खाशाबांनी पहिले काम हाती घेतले ते कर्जफेडीचे. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः त्यांत लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डीकरांचे गहाण पडलेले घर सोडवले. ऑलिंपिक पदकविजेत्या मल्लाला विश्रांती घेऊन पुढच्या स्पर्धेकडे लक्ष देण्याऐवजी कर्ज फेडण्यासाठी आखाड्यात उतरावे लागले, ही बाब त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना ध्यानात घ्यावी लागते.

पोलीस सेवा

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलीस दलांतर्गत स्पर्धांमध्ये त्यांनी अनेक विजय मिळवले आणि क्रीडाप्रशिक्षक म्हणूनही काम केले. नोकरीमुळे त्यांना नियमित उत्पन्नाचा आधार मिळाला. मात्र दिवसभराचे कर्तव्य सांभाळून ऑलिंपिकच्या दर्जाचा सराव करणे ही दुहेरी कसरत होती.

गुडघ्याची दुखापत आणि हुकलेले मेलबर्न

मेलबर्न ऑलिंपिक २२ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर १९५६ या काळात झाले. त्या वेळी खाशाबा ३० वर्षांचे होते. सहावे स्थान आणि त्यानंतर कांस्यपदक अशी त्यांची चढती कमान असल्यामुळे मेलबर्नमध्ये त्याहून वरच्या पदकाची अपेक्षा बाळगणे अवाजवी नव्हते. लंडनमध्ये अपरिचित असलेली गादी एव्हाना त्यांच्या अंगवळणी पडली होती. अशा वेळी गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीमुळे त्यांना या स्पर्धेत भाग घेता आला नाही.

कुस्तीत गुडघ्याची दुखापत इतर अनेक दुखापतींपेक्षा अधिक गंभीर मानली जाते. गुडघ्याचा सांधा मुख्यतः पुढे-मागे वाकण्यासाठी असतो. त्याला स्थिर ठेवण्याचे काम बाजूचे आणि आतील अस्थिबंध (लिगामेंट) करतात, तर दोन हाडांमधील अर्धचंद्राकृती कूर्चा धक्के शोषून घेतात. मल्लाचा पाय जमिनीवर रोवलेला असताना धड फिरले, किंवा प्रतिस्पर्ध्याने पाय पकडून पिळला, तर या अस्थिबंधांवर आणि कूर्चांवर क्षमतेपलीकडचा ताण येतो. अस्थिबंध किंचित ताणला गेला असेल तर दोन-तीन आठवड्यांत मल्ल पुन्हा सराव करू शकतो. बाजूचा अस्थिबंध अंशतः फाटला तर साधारण एक ते दोन महिने लागतात. कूर्चा फाटल्यास आणि ती शिवावी लागल्यास चार ते सहा महिने जातात. आतील पुढचा अस्थिबंध पूर्ण तुटला तर तो बहुधा आपोआप जुळत नाही. आजच्या प्रगत शस्त्रक्रियेनंतरही आखाड्यात परतायला सुमारे नऊ महिने ते एक वर्ष लागते.

१९५० च्या दशकात उपचारांच्या सोयी मर्यादित होत्या. क्ष-किरण चित्रात हाडे दिसत, परंतु अस्थिबंध आणि कूर्चा यांची इजा दिसत नसे. एमआरआय तपासणी वैद्यकात रूढ झाली ती १९८० च्या दशकात. दुर्बिणीद्वारे गुडघ्यावर शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र जपानमध्ये तेव्हा नुकते आकार घेत होते. विश्रांती, पट्टी किंवा प्लास्टर, शेक आणि मालीश हेच नेहमीचे उपाय असत. शस्त्रक्रिया केलीच तर सांधा उघडून फाटलेली कूर्चा काढून टाकली जाई. ग्रामीण भागातील मल्ल बहुधा तालमीतील वस्तादाच्या किंवा हाडवैद्याच्या हातावर विसंबून असत. स्नायूंची ताकद टप्प्याटप्प्याने परत आणणारी शास्त्रशुद्ध भौतिकोपचार पद्धती फारच थोड्या खेळाडूंच्या आवाक्यात होती.

ऑलिंपिक चार वर्षांनी एकदाच येते. त्यामुळे दुखापत किती मोठी यापेक्षा ती केव्हा झाली, यावर पुष्कळ अवलंबून असते. स्पर्धेनंतर लगेच झालेली दुखापत भरून निघण्यास तीन-साडेतीन वर्षे मिळतात. स्पर्धेच्या तोंडावर झालेली तीच दुखापत चार वर्षांची मेहनत वाया घालवते. मेलबर्ननंतरचे ऑलिंपिक १९६० साली रोम येथे व्हायचे होते. तोवर खाशाबा ३४ वर्षांचे झाले असते. हलक्या वजनगटात वेगावर खेळणाऱ्या मल्लासाठी हे वय उताराचे. त्यामुळे मेलबर्न हुकले ते कायमचेच, आणि त्यांची ऑलिंपिक कारकीर्द हेलसिंकीच्या पदकावरच थांबली.

या संदर्भात अलीकडचे एक उदाहरण बोलके आहे. हरियाणाच्या मल्ल विनेश फोगाट यांच्या गुडघ्याला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये लढत चालू असतानाच गंभीर दुखापत झाली आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. शस्त्रक्रिया आणि दीर्घ पुनर्वसनानंतर २०१८ मध्ये त्यांनी राष्ट्रकुल आणि आशियाई अशा दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके जिंकली. २०२३ मध्ये गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया होऊनही पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरीपर्यंत धडक मारली. वजन मर्यादेपेक्षा जास्त भरल्याने त्या अपात्र ठरल्या, हा भाग वेगळा. दोन्ही मल्लांची जिद्द सारखीच मानली तरी एकाला तालमीचा आधार होता आणि दुसरीला आधुनिक शस्त्रक्रियेचा, तज्ज्ञांचा आणि वेळेचा. खाशाबांच्या दुखापतीचा विचार हा फरक लक्षात घेऊनच करावा लागतो.

उत्तरायुष्य आणि निधन

खाशाबांनी पोलीस दलात २७ वर्षे सेवा केली आणि साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. सेवेच्या काळात त्यांनी अनेक तरुण मल्लांना मार्गदर्शन केले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या वेळी मशाल दौडीत सहभागी होण्याचा मान त्यांना मिळाला. निवृत्तीनंतर मात्र निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. क्रीडासंघटनांनीही त्यांची फारशी दखल घेतली नाही. त्यांचे अखेरचे दिवस आर्थिक ओढग्रस्तीत गेले.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. त्यांच्या हयातीत त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला नाही किंवा पद्म सन्मानही देण्यात आला नाही.

सन्मान

- महाराष्ट्र शासनाने १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना मरणोत्तर दिला.
- भारत सरकारने २००० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर प्रदान केला.
- २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.
- १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा केला जातो.
- १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जयंतीनिमित्त, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले.

महत्त्व

खाशाबांच्या कांस्यपदकानंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये टेनिसपटू लिअँडर पेस यांनी ते मिळवले. कुस्तीतील दुसरे पदक २००८ साली बीजिंग येथे सुशीलकुमार यांनी जिंकले, म्हणजे तब्बल ५६ वर्षांनी. या दीर्घ खंडामुळे खाशाबांच्या कामगिरीची उंची कळते. तसेच १९५६ मध्ये एका मल्लाचा गुडघा वेळेत बरा न झाल्याने काय गमावले गेले, याचाही अंदाज येतो.

खाशाबांचे चरित्र बहुधा हेलसिंकीच्या विजयापाशी येऊन थांबते. परंतु वर्गणीवर झालेला प्रवास, विश्रांतीविना लढलेली कुस्ती, कर्ज फेडण्यासाठी भरवलेले फड आणि उपचारांच्या मर्यादेमुळे हुकलेले मेलबर्न या घटना एकत्र पाहिल्या म्हणजे त्यांच्या पदकाची खरी किंमत लक्षात येते. आज राष्ट्रीय शिबिरांतील मल्लांसोबत प्रशिक्षकाबरोबरच भौतिकोपचारतज्ज्ञही असतो आणि दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च खेळाडूच्या गावाला उचलावा लागत नाही. खाशाबांच्या काळात यांपैकी काहीही नव्हते. गोळेश्वर येथील त्यांच्या घराला ‘ऑलिंपिक निवास’ हे नाव दिलेले आहे.